चार महिन्यांमागची एकशे ऐंशी वर्षं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेची राज्यघटना ५५ माणसांनी फिलाडेल्फियात बसून चार महिन्यांत लिहिली, आपल्याला २ वर्षं ११ महिने लागले, असं कसं? इंग्रजांना नुकतंच घालवलेल्या त्या लोकांनी ती कोऱ्या पाटीवर लिहिली, की इंग्लंडचीच पद्धत थोडी फिरवून घेतली? आणि इंग्लंडलाच एकसंध लेखी घटना नाही, तर यांना ती लिहून काढायचं सुचलं कुठून?

मी २६ वर्षं विधी महाविद्यालयात वेगवेगळ्या देशांच्या घटना शिकवतोय. पहिले दोन प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. तिसरा क्वचित येतो, आणि खरा प्रश्न तोच आहे. कायदेमंडळाच्याही डोक्यावर एक कागद असावा, त्या कागदाबाहेर जाऊन केलेला कायदा कायदाच धरू नये, ही कल्पना इंग्लंडमध्ये चालत नव्हती. तिथे पार्लमेंट सर्वश्रेष्ठ. मग त्याच इंग्लंडच्या लेकरांना ती इतकी सहज कशी वापरता आली? कारण जन्मल्यापासून ते तशाच कागदाखाली राहत होते. त्या कागदाला आपल्याकडे नेमका शब्द आहे: सनद.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. ‘उगम’ म्हणून तुम्ही काय शोधताय, त्यावर उत्तर बदलतं. विचारांचा उगम शोधायचा तर १२१५ चा मॅग्ना कार्टा, १६८९ चं इंग्लंडचं बिल ऑफ राइट्स, जॉन लॉक, माँतेस्क्यू हे विचारवंत असं यावं लागेल. बहुतेक पाठ्यपुस्तकं त्याच वाटेने जातात आणि ती वाट चुकीची नाही. पण सरकारचा सांगाडा कुठून आला हे पाहायचं असेल, तर वसाहतींचा रोजचा कारभार बघावा लागतो. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. फिलाडेल्फियातल्या चर्चेच्या नोंदी वाचताना पुस्तकांची नावं भेटतात खरी, पण मंडळी अडली की ‘आमच्या राज्यात हे असं चालतं, तिथे असं चालत नाही’ याच अनुभवाकडे वळताना दिसतात.

दर वर्षी पहिल्या आठवड्यात मी वर्गात दोन उतारे वाटतो. दोन्हींवरचं नाव आणि साल झाकलेलं असतं. दोन्हींत इंग्लंडचा राजा एका कंपनीला दूरदेशीचा मुलूख देतोय, आणि दोन्हींत तो मुलूख ‘केंट परगण्यातल्या ईस्ट ग्रीनिचच्या जहागिरीप्रमाणे’ धारण करायचा आहे. म्हणजे लष्करी चाकरीची अट नाही, ठरलेलं देणं तेवढं द्यायचं. मुलं ओळखू बघतात, ओळखता येत नाही. मग मी कागद काढतो. पहिला उतारा १६०६ चा, जेम्स राजाने व्हर्जिनियासाठी दिलेल्या सनदेतला. सोन्याचांदीचा पाचवा हिस्सा राजाला. दुसरा १६६८ चा, चार्ल्स राजाने ईस्ट इंडिया कंपनीला दिलेल्या सनदेतला. त्यातला मुलूख म्हणजे मुंबई, वर्षाला दहा पौंड सोन्याच्या नाण्यांत. ज्या शहरात यातली निम्मी मुलं वाढली ते शहर आणि व्हर्जिनियातली पहिली वस्ती जेम्सटाउन एकाच साच्याच्या कागदावर कंपन्यांच्या हाती गेलं, हे कळलं की वर्ग एकदम शांत होतो. तिथून पुढे शिकवणं सोपं जातं.

आता कंपनीची सनद म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण सगळं तिथेच आहे. सनद कंपनीला अधिकार देते आणि त्याच वेळी हद्द घालते. कंपनीने आपले नियम करावेत, पण ते इंग्लंडच्या कायद्यांच्या विरोधात नसावेत. तुमच्या गृहनिर्माण संस्थेच्या उपविधी मूळ कायद्याच्या विरोधात जाऊ शकत नाहीत, तसंच. व्हर्जिनियाच्या सनदेत आणखी एक वाक्य होतं: तिथे जाऊन राहणाऱ्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना इंग्लंडमध्ये जन्मल्यासारखेच सगळे हक्क असतील. राजाच्या कारकुनाने हे वाक्य लिहिलं, तेव्हा त्याला त्यात फारसं काही वाटलं नसेल. पुढची दीडशे वर्षं वसाहतवाले त्यावर बोट ठेवून बोलत राहिले.

३० जुलै १६१९ रोजी जेम्सटाउनच्या चर्चमध्ये व्हर्जिनियाची पहिली सभा भरली. गव्हर्नर जॉर्ज यर्डली, त्याचं मंडळ आणि वस्त्यांमधून निवडून आलेले प्रतिनिधी. उकाडा असह्य होता, माणसं आजारी पडली, एक प्रतिनिधी दगावला, आणि ४ ऑगस्टला सभा आवरती घ्यावी लागली. पाच-सहा दिवसांची ती बैठक उत्तर अमेरिकेतली इंग्रजांची पहिली निवडून आलेली सभा. कंपनीने ती लोकशाहीच्या प्रेमापोटी बोलावली नव्हती, माणसं टिकावीत आणि तंबाखूचा धंदा चालावा म्हणून बोलावली होती. त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस पॉइंट कम्फर्टला एका जहाजातून वीसेक आफ्रिकी माणसं उतरवून विकली गेली. पुढे १६६२ मध्ये व्हर्जिनियाच्या सभेनेच कायदा केला की आई गुलाम तर मूल गुलाम. प्रतिनिधींची सभा आणि गुलामगिरी एकाच किनाऱ्यावर एकाच वर्षी रुजली. हे मी वर्गात एका दमात सांगतो, वेगळा धडा करत नाही, कारण १७८७ च्या मसुद्यात दोन्ही धागे एकत्रच येतात.

मॅसॅच्युसेट्सचं प्रकरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. १६२९ मध्ये मॅसॅच्युसेट्स बे कंपनीला सनद मिळाली. गव्हर्नर, उपगव्हर्नर, १८ सहायक आणि भागधारकांची वर्षातून चार वेळा भरणारी सर्वसाधारण सभा, अशी नेहमीची व्यापारी रचना. पण बैठका कुठे भरवायच्या, हे त्या सनदेत लिहिलेलं नव्हतं. १६३० मध्ये जॉन विन्थ्रॉप आणि मंडळी मूळ सनद सोबत घेऊन थेट अमेरिकेत आली. कंपनीची सर्वसाधारण सभाच वसाहतीचं कायदेमंडळ झाली. सुरुवातीला विन्थ्रॉप आणि सहायकच कायदे करत होते. १६३४ मध्ये गावागावांतून आलेले लोक म्हणाले, आम्हाला ती सनद दाखवा. सनद बाहेर आली, वाचली गेली, आणि कायदे करण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे हे सगळ्यांना दिसलं. तेव्हापासून गावांचे निवडून दिलेले प्रतिनिधी सभेत बसू लागले.

त्या शेतकऱ्यांनी लॉक वाचला नव्हता, लॉक तेव्हा दोन वर्षांचा होता. ‘कागद दाखवा, तुम्हाला हा अधिकार त्यात कुठे दिलाय ते दाखवा’ एवढंच त्यांनी विचारलं. घटनावादाची माझी सगळ्यांत आवडती व्याख्या हीच आहे. दहा वर्षांनी, १६४४ मध्ये, सहायक आणि प्रतिनिधी वेगवेगळे बसू लागले, म्हणजे दोन सभागृहं झाली. त्याचं तात्कालिक कारण शर्मन नावाच्या एका गरीब बाईच्या हरवलेल्या डुकरिणीचा खटला होता. श्रीमंत व्यापारी रॉबर्ट केन याच्या बाजूने सहायक, आणि शर्मनबाईंच्या बाजूने बहुसंख्य प्रतिनिधी. एकाच सभेत बसून एकमेकांचा निर्णय कुणी अडवायचा, हा पेच त्यातून इतका तापला की सभाच विभागली.

सगळ्या वसाहती अशाच नव्हत्या, आणि इथेही ‘कुठली वसाहत’ यावर उत्तर अवलंबून आहे. पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड ही मालकांची संस्थानं होती, म्हणजे राजाने एकेका घराण्याला दिलेली. कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड स्वतःच्या सनदेवर चालत, गव्हर्नरसुद्धा स्वतःच निवडत. बाकी बहुतेक ठिकाणी गव्हर्नर राजा नेमी. प्लिमथला उतरलेल्या मंडळींकडे तर त्या जागेची सनदच नव्हती. म्हणून १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजावर ४१ पुरुषांनी आपापसांत करार करून त्यावर सह्या केल्या. पण नमुना जवळपास सगळीकडे सारखाच होत गेला: एक गव्हर्नर, त्याचं छोटं मंडळ, आणि निवडून आलेली सभा. राष्ट्राध्यक्ष, सिनेट आणि प्रतिनिधिगृह यांची चाहूल तुम्हाला इथेच लागली असेल.

या सभांची खरी ताकद पैशात होती. गव्हर्नर राजाचा, पण त्याचा पगार मंजूर करायचा सभेने. १७२८ मध्ये मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर विल्यम बर्नेट कायमस्वरूपी पगाराची मागणी घेऊन हटून बसला. सभा म्हणाली, रक्कम देतो, पण दर वर्षी आम्ही ठरवून देऊ. राजाचे आदेश आले, सभा दुसऱ्या गावी हलवली गेली, तरी सभा बधली नाही. भांडण मिटण्याआधीच बर्नेट वारला. करविषयक विधेयकं खालच्या सभागृहातच सुरू व्हावीत, या अमेरिकन घटनेतल्या नियमामागे अशी कित्येक भांडणं आहेत.

आता न्यायालयाकडे येऊ. वसाहतीने केलेला कायदा सनदेबाहेर गेला तर तो रद्द कोण करणार? लंडनमधली प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे राजाची सल्लागार परिषद. हे नाव आपल्याला परकं नाही, मुंबई उच्च न्यायालयाची अपिलं १९४९ पर्यंत तिथेच जात. १७२८ मध्ये विन्थ्रॉप विरुद्ध लेच्मिअर या कौटुंबिक जमिनीच्या वादात प्रिव्ही कौन्सिलने कनेक्टिकटचा वारसा कायदाच रद्द ठरवला. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर जमीन सगळ्या मुलांत वाटायची, थोरल्याला दुप्पट हिस्सा, असा तो कायदा होता. इंग्लंडमध्ये सगळी जमीन थोरल्या मुलाला जाई, म्हणून हा कायदा इंग्लंडच्या कायद्याविरुद्ध आणि सनदेच्या अधिकाराबाहेरचा ठरला. कनेक्टिकटवाले चिडले, आणि त्यांचं चिडणं समजण्यासारखं होतं. पण वरच्या कागदाशी विसंगत कायदा वरचं न्यायालय पुसून टाकू शकतं, ही गोष्ट त्यांच्या अनुभवात पक्की बसली. १८०३ मध्ये मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात सरन्यायाधीश मार्शल यांनी काँग्रेसच्या कायद्यातलं कलम घटनाबाह्य ठरवलं, तेव्हा त्यामागे हा जुना सराव होता, असं माझं मत आहे.

इथवरचं एकत्र करून सांगतो. लेखी कागद, त्याने आखलेली हद्द, निवडलेली सभा, पैशावर तिचा हात आणि हद्द ओलांडली तर कायदा रद्द. हे सगळं १७६० पर्यंत वसाहतींत होतंच. एकच प्रश्न कुणी नीट विचारला नव्हता: हा कागद देतो कोण?

तो प्रश्न पार्लमेंटने विचारायला लावला. सात वर्षांचं युद्ध १७६३ मध्ये संपलं, इंग्लंडवर कर्ज चढलं आणि वसाहतींवर कर बसवायचं ठरलं. १७६५ चा स्टॅम्प कायदा (छापील कागदांवरचा कर), त्याला विरोध, १७६६ मध्ये माघार, आणि त्याच दिवशी दुसरा कायदा की पार्लमेंट वसाहतींना सर्व बाबतींत बांधील ठरवू शकतं. डिसेंबर १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. हे सगळं तुम्ही शाळेत वाचलं असेल. पण घटनेच्या दृष्टीने सगळ्यांत मोठा घाव १७७४ चा, आणि आपल्याकडच्या पुस्तकांत तो एका ओळीत उरकतात. पार्लमेंटने मॅसॅच्युसेट्सची सनदच बदलली. गव्हर्नरचं मंडळ आधी सभा निवडत असे, ते आता राजा नेमणार. गावसभा गव्हर्नरच्या परवानगीशिवाय वर्षातून एकदाच भरणार.

म्हणजे ज्या कागदावर पिढ्यान् पिढ्या भिस्त ठेवली, तो लंडनमधल्या एका ठरावाने फिरवता येत होता. लोक किती हादरले असतील याचा अंदाज वुस्टर गावावरून येतो. ६ सप्टेंबर १७७४ रोजी तिथे आसपासच्या ३७ गावांतून ४,६०० वर माणसं जमली. त्यांनी न्यायालयाचं दार अडवलं, आणि राजाच्या न्यायाधीशांना, अधिकाऱ्यांना हातात टोपी घेऊन दोन रांगांमधून चालत, नव्या कायद्याखाली काम करणार नाही असं पुन्हापुन्हा म्हणायला लावलं. गोळी एकही झाडली गेली नाही. स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक, लेक्सिंग्टनची, याच्या सात महिने नंतरची.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आपण तयार आहोत. वरून दिलेला कागद वरून काढून घेता येतो, हे १७७४ ने शिकवलं. मग कागद खालून द्यायचा. पण खालून म्हणजे नेमका कसा? हे शोधायला त्यांना पाच-सहा वर्षं लागली, आणि सुरुवातीला ते चुकले.

मे १७७६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे सगळ्या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, वसाहतींना आपापली सरकारं उभी करायला सांगितलं. न्यू हॅम्पशरने जानेवारीतच सुरुवात केली होती. व्हर्जिनियाने जूनमध्ये जॉर्ज मेसन यांची हक्कांची घोषणा आणि पाठोपाठ घटना मंजूर केली. वर्षभरात बहुतेक राज्यांना घटना मिळाली, पण त्या लिहिल्या आणि मंजूर केल्या कायदे करणाऱ्या सभांनीच. पेनसिल्व्हेनियाने एकच सभागृह ठेवलं. गव्हर्नरवरच्या रागामुळे बहुतेकांनी कार्यकारी प्रमुखाचे हातपायच बांधून टाकले. न्यू जर्सीत मालमत्ता असलेल्या स्त्रियांनाही मत देता येत होतं, १८०७ पर्यंत.

मग ऑक्टोबर १७७६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्ड गावच्या सभेने एक ठराव केला, आणि माझ्या दृष्टीने तो या सगळ्या गोष्टीचा कणा आहे. त्यांचं म्हणणं साधं होतं: कायदेमंडळाने केलेली घटना कायदेमंडळच बदलू शकेल, मग तिचा आम्हाला संरक्षण म्हणून उपयोग काय? घटना करायला वेगळी परिषद बसवा. राज्याच्या कायदेमंडळाने तरीही स्वतःच मसुदा केला, आणि १७७८ मध्ये गावांनी तो फेटाळला. मग वेगळी परिषद निवडली गेली. जॉन अॅडम्स यांनी मसुदा लिहिला, तो गावोगाव वाचला गेला, चर्चा झाली, आणि १७८० मध्ये मंजुरी मिळाली. मालमत्तेची अट त्या मंजुरीपुरती बाजूला ठेवून २१ वर्षांवरच्या सर्व स्वतंत्र पुरुषांना मत होतं. ती घटना, दुरुस्त्यांसह, आजही लागू आहे. परिषद लिहील, लोक मंजुरी देतील, आणि रोजचं कायदेमंडळ तिला हात लावू शकणार नाही, ही पद्धत इथे पक्की झाली. फिलाडेल्फियाला जायला अजून सात वर्षं होती.

या दरम्यान १३ राज्यांना बांधणारं जे करारपत्र होतं, आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन, ते १७८१ मध्ये लागू झालं आणि लवकरच लंगडं ठरलं. काँग्रेसला कर लावता येत नव्हता, राज्यांकडे मागणी करायची आणि वाट बघायची. दुरुस्तीला तेराच्या तेरा राज्यं लागत. आयातीवर ५ टक्के जकातीचा प्रस्ताव एकदा ऱ्होड आयलंडने अडवला, दुसऱ्यांदा न्यूयॉर्कने. त्यात १७८६ च्या उन्हाळ्याअखेरीपासून मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागातले कर्जबाजारी शेतकरी डॅनियल शेजच्या नेतृत्वाखाली उठले आणि पुढच्या जानेवारीत स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. काँग्रेसकडे फौज उभी करायलाही पैसा नव्हता.

आता चार महिन्यांकडे. २५ मे ते १७ सप्टेंबर १७८७, फिलाडेल्फियातलं पेनसिल्व्हेनियाचं राज्यभवन. बारा राज्यांचे ५५ प्रतिनिधी, ऱ्होड आयलंड आलंच नाही. दारं बंद, बोलणं बाहेर जाऊ द्यायचं नाही. या ५५ जणांत कोण होते ते पाहा. जॉन डिकिन्सन, ज्यांनी आर्टिकल्सचा पहिला मसुदा लिहिला होता. जॉर्ज मेसन, व्हर्जिनियाच्या घोषणेचे लेखक. गव्हर्नर मॉरिस (गव्हर्नर हे त्यांचं नावच), ज्यांचा न्यूयॉर्कच्या १७७७ च्या घटनेत हात होता. ८१ वर्षांचे बेंजामिन फ्रँकलिन, ज्यांनी १७५४ मध्येच ऑल्बनीला वसाहतींच्या एकीची योजना मांडली होती, आणि ती वसाहतींनीही नाकारली, लंडननेही. ३६ वर्षांचे जेम्स मॅडिसन तर जुन्या-नव्या राज्यसंघांचा अभ्यास करून, टिपणं घेऊनच आले होते. घटना बनवण्याचं काम यातल्या अनेकांनी आधी एकदा तरी हाताने केलेलं होतं.

म्हणून २६ जुलैला पाच जणांची मसुदा समिती बसली आणि ६ ऑगस्टला पूर्ण मसुदा घेऊन उभी राहिली, यात मला आश्चर्य वाटत नाही. मी विद्यार्थ्यांना या मसुद्यातून तयार झालेल्या घटनेवर रंगीत पेन्सिलींनी खुणा करायला लावतो. एका राज्यातल्या नागरिकाला दुसऱ्यात तेच हक्क, फरारी आरोपी परत करणं, एकमेकांच्या निवाड्यांना मान देणं, ही कलमं आर्टिकल्समधून आली. राष्ट्राध्यक्षाचा नकाराधिकार आणि दोनतृतीयांश मतांनी तो ओलांडायची सोय मॅसॅच्युसेट्सकडून. अर्थविधेयकात सिनेट ‘इतर विधेयकांप्रमाणे’ दुरुस्ती सुचवू शकेल, हे शब्दसुद्धा तिथलेच. राष्ट्राध्यक्षाने देशाची स्थिती काँग्रेसला सांगावी, हे न्यूयॉर्कच्या गव्हर्नरच्या कलमासारखं, आणि तिथला लेफ्टनंट गव्हर्नर सिनेटचा अध्यक्ष असे, तसे इथे उपराष्ट्राध्यक्ष. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळासारखी व्यवस्था मेरीलँडच्या सिनेट निवडणुकीत १७७६ पासून होती. तासाभरात कागद रंगीबेरंगी होतो, आणि कोरी पाटी कुठे होती हा प्रश्न कुणाला पडत नाही.

मग वेळ कुठे गेला? जे कुठूनही उचलता येत नव्हतं तिथे. मोठ्या राज्यांना लोकसंख्येप्रमाणे जागा हव्या होत्या, लहान राज्यांना समान. १६ जुलैला पाच विरुद्ध चार मतांनी तोडगा निघाला, मॅसॅच्युसेट्सची मतं समसमान फुटलेली. प्रतिनिधिगृहात लोकसंख्या, सिनेटमध्ये प्रत्येकी दोन. एक मत फिरलं असतं तर परिषद बहुधा तिथेच मोडली असती. आणि दुसरं, गुलाम. ज्यांना कुठलाच हक्क नाही त्या माणसांची जागावाटपात मोजणी पाचात तीन अशी धरली गेली. हे प्रमाणही १७८३ च्या एका करप्रस्तावातून घेतलेलं. गुलामांची आयात १८०८ पर्यंत थांबवायची नाही, पळालेला गुलाम मालकाला परत करायचा, हेही आत गेलं. ‘गुलाम’ हा शब्द मात्र मूळ मसुद्यात कुठेही येऊ दिला नाही. तो शब्द टाळण्याची त्यांनी घेतलेली काळजी वाचताना मला आजही अस्वस्थ व्हायला होतं, कारण आपण काय करतोय हे त्यांना पुरतं कळत होतं, याचाच तो पुरावा आहे.

तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न बहुधा हाच येईल, म्हणून सांगतो. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या, इरोक्वॉय जमातींच्या महासंघावरून ही घटना घेतली, असं हल्ली बरंच वाचायला मिळतं. १७४४ च्या लँकेस्टरच्या वाटाघाटींत त्यांचे नेते कॅनासॅटेगो यांनी वसाहतींना ‘आमच्यासारखे एक व्हा’ असा सल्ला दिला आणि फ्रँकलिन यांनी तो करार छापला, हे पक्कं आहे. एकीच्या विचाराला त्यातून बळ मिळालं असं म्हणायला जागा आहे. पण घटनेची कलमं तिथून आली असं मला दिसत नाही. मी वर सांगितलेल्या रंगीत खुणांनंतर त्यासाठी फारसा कागद उरत नाही.

शेवटच्या आठवड्यातल्या दोन गोष्टी. आधीच्या मसुद्याची सुरुवात ‘आम्ही न्यू हॅम्पशर, मॅसॅच्युसेट्स...’ अशी राज्यांची यादी देऊन होती. शेवटची शब्दरचना करणाऱ्या शैली समितीत मॉरिस यांनी तिथे ‘आम्ही, संयुक्त संस्थानांचे लोक’ असं लिहिलं. कुठली राज्यं मंजुरी देतील याची खात्री नव्हती, त्यामुळे यादी देणं अडचणीचं होतं. पण कागद कोण देतो या प्रश्नाचं उत्तरही त्याच ओळीत आलं. आपल्या उद्देशिकेची सुरुवात आठवा.

दुसरी गोष्ट १७ सप्टेंबरची. चार चर्मपत्रांवर घटना सुवाच्य अक्षरात लिहून तयार होती. जेकब शॅलस या कारकुनाला त्या कामाचे ३० डॉलर मिळाले. सह्या होणार एवढ्यात नॅथनिएल गोरम म्हणाले, ४०,००० लोकांमागे एक प्रतिनिधी हे फार कमी होतं, ३०,००० करा. उन्हाळाभर अध्यक्षपदावरून चर्चेत जवळपास न बोललेले वॉशिंग्टन उठून म्हणाले, ही दुरुस्ती व्हावी असं मलाही वाटतं. झाली. शॅलसने आधीचा शब्द खरवडून त्यावर ‘तीस’ लिहिलं, आणि अशा दुरुस्त्यांची नोंद शेवटी सह्यांच्या शेजारी केली. मूळ पानाच्या चांगल्या छायाचित्रात ती खाडाखोड दिसते, जरूर बघा.

३९ जणांनी सह्या केल्या. मेसन यांनी केली नाही, कारण हक्कांची सनद जोडावी ही त्यांची सूचना एकाही राज्याने उचलली नव्हती. मंजुरीच्या लढाईत ते बरोबर ठरले. मॅसॅच्युसेट्समध्ये १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७. हक्कांच्या दुरुस्त्यांची हमी मिळाली नसती तर हे आकडे उलटायला वेळ लागला नसता. डिसेंबर १७९१ मध्ये पहिल्या दहा दुरुस्त्या लागू झाल्या. घरात घुसून झडती घेणं, घरात सैनिक ठेवणं, या तक्रारी वसाहतींच्या काळातल्याच होत्या.

आपल्याशी तुलना करताना एवढं लक्षात घ्या. त्यांची सात कलमं होती, आपली ३९५. त्यांनी राज्यांच्या घटना राज्यांवर सोडल्या, आपण राज्यांचा कारभारही त्यातच लिहिला. आपल्याकडे १९३५ चा भारत सरकार कायदा पायाशी होता, तशा त्यांच्याकडे सनदा आणि राज्यघटना होत्या. १९३५ च्या कायद्यातून फार घेतलं या टीकेला बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात उत्तर दिलं होतं की घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कुणाचं पेटंट नसतं. फिलाडेल्फियाच्या मंडळींनाही ते पटलं असतं.

एक शेवटचं. ऱ्होड आयलंड परिषदेला आलं नाही, आणि मे १७९० मध्ये ३४ विरुद्ध ३२ मतांनी, तेराव्या क्रमांकाने संघात सामील झालं. पण स्वतःची घटना त्याने लिहिलीच नाही. दुसऱ्या चार्ल्स राजाने १६६३ मध्ये दिलेल्या सनदेवरच ते राज्य चालत राहिलं. म्हणजे वर ‘आम्ही लोक’ म्हणणारी घटना आणि खाली राजाची सनद. त्या व्यवस्थेत १३४ डॉलरची जमीन असेल त्यालाच मत, आणि गिरण्या वाढल्या तसे बिनजमिनीचे कामगार बाहेरच राहिले. १८४१ मध्ये थॉमस डॉर यांच्या पुढाकाराने लोकांनी कायदेमंडळाला न विचारता स्वतःची परिषद भरवून घटना लिहिली आणि मतदानाने मंजूर केली. १८४२ मध्ये त्या छोट्याशा राज्यात दोन गव्हर्नर आणि दोन सरकारं होती. डॉर हरले, तुरुंगात गेले, पण १८४३ मध्ये सनद गेली आणि नवी घटना आली. खरं सरकार कुठलं होतं, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. १८४९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की हे ठरवणं न्यायालयाचं काम नाही. ल्यूथर विरुद्ध बोर्डन या नावाने तो निकाल मिळेल. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचा पुढचा भाग त्यात आहे, आधी तो वाचा आणि मग पुन्हा विचारा.